शिळें आणि शीतल

मराठींतील ‘शिळें’ हा शब्द संस्कृतांतील ‘शीतल’ या शब्दापासून निघाला आहे. चुलीवरून उतरलेलें अन्न निवालें, थंड झालें, कीं तें शिळें होण्याच्या मार्गास लागलें, असा आपल्या पूर्वजांचा अनुभव होता. तो त्यांनीं एका शब्दांत सांठवून आपल्या हातीं दिला. आज आपण त्याच शीतलतेच्या बळावर अन्न ताजें ठेवूं पाहतों. ज्या गुणानें अन्नास शिळेपण येतें असें भाषा म्हणते, तोच गुण शिळेपण टाळण्यासाठीं आपण विजेचें बिल भरून घरांत आणिला आहे. हा विरोध वरवरचा आहे; पण तो नीट उकलून पाहिला, तर स्वयंपाकघरांतील त्या थंड कपाटाचा उपयोग कसा करावा व त्यावर भरंवसा किती ठेवावा, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्यांत सांपडतात.

कोशांत या कपाटास ‘शीतकपाट’ असें सुरेख नांव आहे. परंतु घरोघर त्यास फ्रीज म्हणतात, म्हणून आम्हीही येथें तोच शब्द योजितों. एकत्र कुटुंबांत फ्रीज हा सर्वांचा, आणि म्हणूनच कोणाचाही नव्हे, अशा स्थितींत असतो. सकाळची आमटी एकीनें ठेविली, दुपारीं दुसरीनें ती मागें सारून दुधाचें पातेलें पुढें ठेविलें, संध्याकाळीं मुलांनीं थंड पाण्यासाठीं दहा वेळां दार उघडलें, आणि तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं मागच्या कोपऱ्यांतून एक झांकलेली वाटी निघाली. ‘ही केव्हांची?’ या प्रश्नाचें उत्तर कोणासच ठाऊक नसतें. मग कोणीतरी म्हणतें, ‘फ्रीजमध्येंच होती ना? काय होतें तिला!’ आणि वादाचा निकाल लागतो. या एका वाक्यांत जो भ्रम आहे, तो दूर व्हावा एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

अन्न नासतें तें मुख्यतः डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळें. ओलावा, पोषण आणि ऊब हीं तीन एकत्र मिळालीं, कीं जंतूंची संख्या वाढूं लागते. अनुकूल स्थितींत कित्येक जंतु सुमारें वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हें उदाहरण मुलांस पाटीवर घालून द्यावें असें आहे. तासास तीन वेळां दुप्पट, म्हणजे पहिल्या तासाअखेर एकाचे आठ. आणि सात तासांत एकवीस वेळां दुप्पट होऊन एकाचे २०,९७,१५२. प्रत्यक्ष अन्नांत हा वेग नेहमींच इतका नसतो. तरी रात्रीं नऊ वाजतां ओट्यावर विसरलेली खीर पहांटे चारपर्यंत कोणत्या दिशेनें गेली असेल, याची कल्पना यावरून येईल.

साधारणतः ५ अंश सेल्सियस ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानितात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं सुरक्षित अन्नाचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत शिजविलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहूं देऊं नये, थंड ठेवावयाचें तें ५ अंशांच्या खालीं व गरम ठेवावयाचें तें ६० अंशांच्या वर असावें, असें सांगितलें आहे. येथें भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायाची आठवण होते. तामस आहार सांगतांना तेथें याम उलटून गेलेलें अन्न आणि रात्र उलटलेलें अन्न या दोहोंचाही उल्लेख आहे. याम म्हणजे प्रहर, सुमारें तीन तास. गीतेचा विषय गुणांचा आहे, जंतूंचा नव्हे. तेव्हां तींत आजचें विज्ञान शोधीत बसण्याचें कारण नाहीं. परंतु उष्ण देशांत रांधलेलें अन्न किती वेळ चांगलें राहतें, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या वचनामागें असावा, असें मानण्यास हरकत नाहीं.

आतां थंडी काय करते तें पाहूं. थंडी जंतूंस मारीत नाहीं. ती त्यांची गति मंद करते. फ्रीजमध्यें चार-पांच अंशांवर बहुतेक जंतु अगदीं हळू वाढतात. फ्रीझरमध्यें उणें १८ अंशांवर त्यांची वाढ थांबते. पण तेथेंही ते बहुतांशीं जिवंत असतात आणि अन्न पुन्हां उबेस आलें कीं जेथें थांबले तेथून पुढें चालूं लागतात. निजलेला चोर म्हणजे मेलेला चोर नव्हे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली, तर पुढील सर्व नियम पाठ करण्याची गरज उरत नाहीं. ते आपोआप सुचतात.

आपल्या जुन्या सांठवणीच्या रीती याहून निराळ्या होत्या. लोणच्यांत मीठ व आंबटपणा, मुरंब्यांत साखर, सांडग्या-पापडांत उन्हानें घालविलेला ओलावा, दह्यांत विरजणाचें आम्ल, या उपायांनीं अन्नाचा स्वभावच असा बदलतो कीं, त्यांत अपायकारक जंतूंस सहसा वाढतां येत नाहीं. फ्रीजमध्यें ठेविलेल्या आमटीचा स्वभाव तिळभरही बदललेला नसतो. लोणच्याचें संरक्षण त्याच्या अंगचें असतें. आमटीचें संरक्षण उसनें असतें. दार उघडें राहिलें, वीज गेली किंवा भांडें ओट्यावर राहिलें, कीं तें उसनें संरक्षण त्याच क्षणीं परत जाऊं लागतें.

म्हणून पहिला नियम फ्रीजच्या आंतला नाहीं, बाहेरचा आहे. अन्न आंत केव्हां गेलें, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. मंगळागौर, मुंज किंवा श्राद्ध झाल्यावर मोठें पातेलेंभर मसालेभात अथवा भाजी उरते. असें पातेलें वरून निवालेलें वाटलें, तरी मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि कोमट म्हणजे जंतूंस हवी तीच ऊब. तें संबंध पातेलें वाफाळतें तसेंच फ्रीजमध्यें ढकललें, तर शेजारच्या वस्तूही तापतात. तेव्हां उरलेलें अन्न दोन-तीन इंचांहून खोल नसलेल्या पसरट भांड्यांत वांटून घ्यावें. आमटी, कढण यांसारखा पातळ पदार्थ असेल, तर भांडें थंड पाण्याच्या परातींत ठेवून मधून मधून ढवळावें. आणि दोन तासांच्या आंत तें झांकून फ्रीजमध्यें जावें. भर उन्हाळ्यांत एक तासच धरावा.

भाताविषयीं स्वतंत्र सांगणें अवश्य आहे, कारण आपल्या घरांत रात्रींच्या भातास सकाळीं फोडणी मिळते, आणि ‘चांगला परतला, आतां काय राहिलें आहे त्यांत?’ असें मोठ्या विश्वासानें म्हटलें जातें. तांदुळांत बॅसिलस सेरियस नांवाच्या जंतूचे बीजाणु असूं शकतात. हे बीजाणु इतके चिवट असतात कीं, भात शिजतांना ते मरत नाहींत. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला, तर ते रुजतात, जंतु वाढतात, आणि त्यांच्यांतील कांहीं जाती एक विष निर्माण करितात. त्या विषानें कांहीं तासांतच उलट्या होतात. आणि फोडणीच्या आंचेनें तें विष नष्ट होत नाहीं. म्हणजे जंतु कढईंत मेले, तरी त्यांनीं करून ठेविलेलें काम शिल्लक राहतें. पेढे, खवा, बासुंदी अशा हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांतही, हातावरील जंतूंनीं केलेलें तापविल्यानें न जाणारें विष असूं शकतें. तेव्हां फोडणीचा भात अवश्य करावा. पण त्यासाठीं ठेवावयाचा भात रात्रींच पसरून, निववून, फ्रीजमध्यें गेलेला असावा, दुसऱ्या दिवशीं संपावा, आणि एकदां तापविल्यावर पुन्हां ठेवूं नये.

फ्रीजच्या आंतील मांडणीसही कांहीं शिस्त हवी. थंडी कमी-जास्त करण्याच्या बटणावरील १, २, ३ हे आंकडे बहुधा अंश नसतात, केवळ जोर दाखवितात. खरें तापमान पाहावयाचें असेल, तर एक साधा तापमापक पाण्याच्या पेल्यांत बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा. सकाळीं तो ५ अंश किंवा त्याहून कमी दाखवीत असेल, तर ठीक. दाराचा भाग सर्वांत उबदार असतो. तेथें चटण्या, लोणचीं, पाण्याच्या बाटल्या ठेवाव्या, दूध मात्र आंत ठेवावें. फ्रीज दाबून भरूं नये, कारण थंड हवा खेळल्याशिवाय सर्व वस्तु थंड होत नाहींत. शिजलेलें वर आणि कच्चें खालीं, हा नियम कधीं मोडूं नये. मातीनें भरलेल्या पालेभाजीचें पाणी खालच्या खिरींत ठिबकलें, तर खीर शिजविण्याचें श्रेय फुकट जातें. ज्या घरांत अंडीं येतात, किंवा सारस्वत घरांत मासळी येते, तेथें तीं सर्वांत खालच्या फळीवर बंद डब्यांत असावीं. बांगड्यासारखी मासळी बाजारांतच उबेंत राहिली, तर तींत हिस्टामीन नांवाचें द्रव्य वाढतें. तें गोठविल्यानेंही जात नाहीं आणि शिजविल्यानेंही जात नाहीं. म्हणून मासळी बर्फांतून उचलून थेट घरच्या थंडींत आली पाहिजे.

थंडी सर्वांस मानवते असेंही नाहीं. केळीं फ्रीजमध्यें काळीं पडतात. बटाट्यांतील पिठूळ अंशाची साखर होऊं लागते व ते गोडसर लागतात. कांदे दमट होऊन कुजतात. यांची जागा टोपलींत, वाऱ्यावर, कोरड्या अंधारांत आहे.

आतां फ्रीझरविषयीं. अमेरिकेंतील क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा गृहस्थ १९१२ ते १९१५ या काळांत लॅब्राडॉरच्या हिमप्रदेशांत राहिला होता. तेथील लोकांनीं पकडलेली मासळी कडाक्याच्या थंडींत झपाट्यानें गोठे, आणि पुष्कळ दिवसांनीं शिजविली तरी ताज्यासारखी लागे, हें त्यानें पाहिलें. अन्न सावकाश गोठलें, तर त्यांतील पाण्याचे मोठे स्फटिक होऊन अन्नाचा पोत फाटतो. झटपट गोठलें, तर स्फटिक बारीक राहतात. या तत्त्वावर त्यानें पुढें १९२० च्या दशकांत शीघ्र गोठविण्याची यंत्रें सिद्ध केलीं, आणि गोठविलेल्या अन्नाचा आजचा व्यापार त्यांतून उभा राहिला. घरच्या फ्रीझरला तो वेग नसतो. म्हणून आपण वस्तु लहान लहान वांटे करून, पातळ थरांत गोठवाव्या.

हिंवाळ्यांत मटार स्वस्त असतो तेव्हां तो पुढील महिन्यांसाठीं ठेवण्याची चाल आतां घरोघर पडली आहे. दाणे उकळत्या पाण्यांत दीड-दोन मिनिटें धरून लगेच थंड पाण्यांत टाकावे, फडक्यावर कोरडे करावे आणि मग गोठवावे. कारण असें कीं, दाण्यांतील विकरें, ज्यांस एन्झाइम म्हणतात, तीं थंडींतही आपलें काम हळूहळू करीत राहतात, व दाण्यांचा रंग आणि गोडी घालवितात. उकळत्या पाण्यानें तीं निकामी होतात. आंब्याचा रस किंवा खोवलेला नारळ ठेवतांना एका वेळीं लागेल एवढाच डबा भरावा. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, म्हणून रसाचा डबा कांठोकांठ भरूं नये आणि कांचेची बाटली तर वापरूंच नये.

गोठलेली वस्तु ओट्यावर ठेवून वितळविणें ही फार प्रचलित, पण चुकीची रीत आहे. बाहेरचा थर उबेस येऊन तास लोटतात, तेव्हां कोठें मधला बर्फ सुटतो. ती आदल्या रात्रीं फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या फळीवर आणून ठेवावी, किंवा मटारासारखी वस्तु थेट कढईंत टाकावी. फ्रीजमध्येंच वितळलेली वस्तु पुन्हां गोठविली, तर चव उणावते, पण अपाय सहसा होत नाहीं. दोन तासांहून अधिक बाहेर राहिलेली वस्तु मात्र पुन्हां गोठवूं नये.

वीज गेल्यावर काय करावें, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. उत्तर सोपें आहे: दार उघडूं नये, आणि वीज गेल्याची वेळ टिपून ठेवावी. दार बंद राहिलें, तर फ्रीजमधील थंडी सुमारें चार तास टिकते. फ्रीझर भरलेला असेल तर सुमारें ४८ तास आणि अर्धा असेल तर सुमारें २४ तास टिकते. दर अर्ध्या तासानें ‘अजून थंड आहे का’ म्हणून दार उघडून पाहणारे गृहस्थ आपल्याच हातानें हा अवधि कमी करीत असतात.

अनेक वडील माणसांचा भरंवसा आपल्या नाकावर असतो. वास आला नाहीं, तार सुटली नाहीं, म्हणजे अन्न चांगलें! हा निकष अर्धाच खरा आहे. वास आणणारे जंतु एक, आणि मनुष्यास आजारी पाडणारे जंतु पुष्कळदां दुसरे. आंबूस वास आला तर अन्न टाकावें, हें खरें; पण वास आला नाहीं म्हणून तें निर्दोष, असें अनुमान निघत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें, तर येथें व्याप्ति नाहीं. नाकापेक्षां तारीख अधिक विश्वसनीय आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याचा सल्ला शिजविलेलें अन्न फ्रीजमध्यें तीन ते चार दिवस ठेवावें, असा आहे. पण जेथें दार दिवसभर उघडत-मिटत असतें व विजेचा नेम नसतो, तेथें भाजी-आमटीस दोन दिवसांची मर्यादा घालावी हें बरें. काढलेलें अन्न पूर्ण वाफ येईतों, आमटी असल्यास उकळी फुटेतों, तापवावें, आणि लागेल तेवढेंच तापवावें.

आतां जो मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतों. हें उरलेलें अन्न खातें कोण? पुष्कळ घरांत पुरुषांस व मुलांस ताजें वाढलें जातें, आणि कालचें संपविण्याचें काम न बोलतां सासूकडे किंवा सुनेकडे येतें. तिनें तें आनंदानें केलें, तर तिच्या काटकसरीची वाखाणणीही होते. परंतु लिस्टेरिया नांवाचा एक जंतु असा आहे कीं, तो फ्रीजच्या थंडींतही हळूहळू वाढतो. धडधाकट माणसास त्याची बाधा सहसा फार होत नाहीं. गर्भवती स्त्रीस मात्र थोडासा ताप येऊन गेल्यासारखें वाटतें, आणि तेवढ्यानें गर्भपात होऊं शकतो किंवा मूल मृत जन्मूं शकतें. वृद्धांसही हा जंतु घातक ठरूं शकतो. म्हणजे ज्या दोन पानांत आपण शिळें वाढतों, तींच दोन पानें सर्वांत जपण्याजोगीं आहेत. हें ज्यास समजलें, त्यास ही चाल यापुढें काटकसर म्हणून मिरवितां येणार नाहीं. कालचें चांगलें असेल, तर तें पंक्तीच्या आरंभीं सर्वांच्या पानांत थोडें थोडें वाढावें, कर्त्या पुरुषाच्या पानांत आधीं. आणि तेथें वाढण्याजोगें नसेल, तर तें कोणाच्याच पानांत वाढूं नये.

‘पण अन्न टाकवत नाहीं,’ असें यावर वडील मंडळी म्हणतील, आणि त्यांचें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. अन्नाची निंदा करूं नये, हें तैत्तिरीय उपनिषदांत व्रत म्हणून सांगितलें आहे. परंतु अन्नाचा अनादर तें टाकण्याच्या वेळीं घडत नाहीं. तो तांदूळ मोजतांनाच घडून गेलेला असतो. दहा माणसांत बारांचा भात रोज रांधावयाचा आणि उरलेल्या दोघांचा भार एकीच्या पोटावर घालावयाचा, यांत अन्नाचा मानही नाहीं आणि माणसाचाही नाहीं. कोण जेवावयास आहे, कोण नाहीं, हें सकाळीं विचारून घेतलें आणि माप त्याप्रमाणें धरलें, तर निम्मा प्रश्न चुलीपाशींच सुटतो.

उरलेल्या निम्म्यासाठीं एक चिकटपट्टी व एक पेन फ्रीजच्या वर ठेवावें. आंत जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर दिवस व वेळ लिहावी. लिहिल्यावांचून डबा आंत जाऊं नये. आणि हा हिशेब तपासण्याचें काम स्त्रियांवर टाकूं नये. घरांत आमच्यासारखा कोणी सेवानिवृत्त गृहस्थ असतोच. वर्तमानपत्र दोनदां वाचून झाल्यावरही त्यास वेळ उरतो. त्यानें दर बुधवारीं व रविवारीं फ्रीज उघडावा, तारखा पाहाव्या, मुदत संपलेलें काढावें आणि सांडलेलें पुसून घ्यावें. पंधरा मिनिटांचें काम आहे. तें नेमानें झालें, तर ‘ही केव्हांची?’ हा प्रश्न त्या घरांत पुन्हां निघणार नाहीं.

पुढील अंकीं पिण्याच्या पाण्याच्या सांठवणीविषयीं लिहूं.